भाकरीशेजारी झिनफँडेल

वाइनच्या बहुतेक पुस्तकांत सुरुवातीलाच एक सूचना भेटते: तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. जळगाव जामोदला मे महिन्यात ही सूचना पाळली तर पेल्यात ४० अंशांचा काढा येईल. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या खोल्या जाड दगडी भिंतींच्या होत्या, बाहेर गारठा होता आणि घरात फार तर १६-१७ अंश असायचे. सातपुड्याच्या पायथ्याला उन्हाळ्यात दुपारी भिंतीला टेकून बसवत नाही. म्हणून या पुस्तकातली पहिली कृती स्वयंपाकाची नाही. जेवणाआधी पाऊण तास बाटली फ्रिजमध्ये ठेवा, ताटं वाढायला घेतली की बाहेर काढा. लाइट गेली असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा आणि जेवण रात्री उशिरा करा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. वाइन आणि अन्न यांची जोडी लावण्याचं जे शास्त्र युरोपात तयार झालं, ते एकामागून एक पदार्थ येणाऱ्या जेवणासाठी. आधी सूप, मग मासा, मग मांस, शेवटी गोड. आणि प्रत्येकाला वेगळी बाटली. आपलं ताट असं येत नाही. बेसन, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा, जवसाची चटणी, वरण-भात, पापड सगळं एकदम समोर असतं आणि भाकरीचा प्रत्येक तुकडा कुठे बुडवायचा हे जेवणारा त्या त्या क्षणी ठरवतो. अशा ताटाला पाच बाटल्या लावणं शक्य नाही आणि लावू नयेतच. एकच वाइन लागते, आणि तिचं ताटातल्या बऱ्याच जणांशी जमावं लागतं. सगळ्यांशी कुणाचंच जमत नाही, ठेच्याशी तर नाहीच. या पुस्तकात मी त्या एका जागेसाठी झिनफँडेल या द्राक्षाची शिफारस करते आहे. का, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

या द्राक्षाचा इतिहास दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघरात जास्त घडला. १८२० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लाँग आयलंडमध्ये जॉर्ज गिब्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने व्हिएन्नाच्या शाही संग्रहातून काही वेली मागवल्या. झिनफँडेल त्यांतूनच आली असं मानलं जातं. पुढे सोन्याच्या शोधात लोक कॅलिफोर्नियाकडे धावले, त्या गर्दीबरोबर ही वेलही पश्चिमेला गेली आणि तिथल्या कोरड्या, उन्हाच्या डोंगरउतारांवर रुजली. तिची जन्मभूमी कोणती, यावर मात्र पुढे शंभर वर्षं नुसते तर्क चालू होते. इटलीच्या पुलिया भागातलं प्रिमितिवो आणि कॅलिफोर्नियाचं झिनफँडेल एकच आहेत, हे डीएनए तपासणीतून कळलं. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेब विद्यापीठाचे इवान पेयिच व एदी मालेतिच यांनी क्रोएशियाच्या किनाऱ्यावर शोध घेतला. २००१ मध्ये काश्तेल नोवी या गावातल्या एका जुन्या मळ्यात, इतर वेलींच्या गर्दीत, ती सापडली. तिथे तिचं नाव त्सर्लेनाक काश्तेलान्स्की. आणखी जुनं नाव त्रिबिद्राग. जगभर नाव कमावलेल्या या वेलीची गावी मोजकीच खोडं उरली होती.

मला या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या दारूबंदीचा काळ, १९२० ते १९३३. वाइनचे कारखाने बंद पडले, गुत्ते बंद झाले; पण घरच्या वापरासाठी फळांचा रस करण्याची मुभा कायद्यात राहिली आणि ती वर्षाला २०० गॅलनपर्यंत वापरता येत होती. रस आंबतो हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत असावं. मग कॅलिफोर्नियाची द्राक्षं लाकडी खोक्यांतून रेल्वेने न्यूयॉर्क, शिकागोकडे जाऊ लागली, इटालियन कुटुंबं स्टेशनवरच्या बाजारातून ती घेऊ लागली आणि तळघरात वर्षभराची वाइन घालू लागली. त्यात झिनफँडेल भरपूर होती. रोजच्या पास्त्याबरोबर, उकडलेल्या बटाट्याबरोबर, रविवारच्या मांसाबरोबर पिण्याची ही वाइन होती. समीक्षकांनी तिला गुण दिले नाहीत, कारण तिच्या वाट्याला समीक्षक आलेच नाहीत. घराघरांतून मागणी टिकली म्हणून जुने मळे कुणी उपटले नाहीत, आणि आज शंभरी ओलांडलेल्या वेलींची वाइन म्हणून जी महाग विकली जाते तिचं श्रेय या घरांना आहे.

त्या जुन्या मळ्यांची लागवडही आपल्याला ओळखीची वाटेल अशी. झिनफँडेलच्या मध्ये पेतीत सिरा, कारिन्यान, आलिकांते अशा जातींच्या वेली मुद्दाम मिसळलेल्या असत आणि सगळ्यांची तोडणी बहुधा एकदमच होई. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात त्यातलाच हा हिशेब: एक चुकलं तर दुसरं हाताशी.

एक अपघातही सांगायला हवा, कारण त्याची गुलाबी बाटली आपल्या पुस्तकात बऱ्याचदा येणार आहे. कॅलिफोर्नियातल्या सटर होम या वाइनरीत बॉब ट्रिंचेरो १९७० च्या दशकात झिनफँडेलचा फिका रस वेगळा काढून त्याची वाइन करत. १९७५ मध्ये एका टाकीतलं आंबवणं मध्येच थांबलं, साखर तशीच राहिली आणि किंचित गोड, गुलाबी वाइन तयार झाली. व्हाइट झिनफँडेल नावाने ती इतकी खपली की जाणकारांनी नाकं मुरडली. मुरडू देत. तिच्या खपामुळे १९८० च्या दशकात पुन्हा एकदा जुन्या वेली कुऱ्हाडीपासून वाचल्या.

आता महाराष्ट्र. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात शॅटो इंडाज उभी केली आणि तिथली फसफसणारी वाइन परदेशी गेली. नाशिकची कथा नंतरची. राजीव सामंत स्टॅनफर्डमध्ये शिकून, कॅलिफोर्नियात नोकरी करून १९९० च्या दशकात परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आधी वेगळी पिकं करून पाहून मग वाइनच्या द्राक्षाकडे वळले. सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की त्यांच्या मदतीला आले. आईच्या नावावरून ठेवलेल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, झिनफँडेल हिंदुस्थानात आणली ती याच मंडळींनी. सोनोमा हा झिनफँडेलचा प्रदेश, त्यामुळे ही वेल नाशिकला येण्यात नवल नव्हतं. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि काही वर्षांत नाशिकच्या दुकानांत मराठी शेतकऱ्याच्या द्राक्षाची वाइन मराठी गिऱ्हाइकाला परवडेल अशा किमतीत मिळू लागली.

आपल्याकडे ही वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून तिला दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात. म्हणजे कॅलिफोर्नियात जी वाइन पानगळीच्या तोंडावर जन्मते ती नाशिकला हुरड्याच्या आणि हरभऱ्याच्या घाट्यांच्या दिवसांत जन्मते. झिनफँडेलचा घड गच्च असतो, साल पातळ, आणि मणी एकसारखे पिकत नाहीत. एकाच घडात एक मणी मनुक्यासारखा सुकू लागलेला, शेजारचा रसरशीत आणि तिसरा अजून कच्चा असतो. बागायतदाराला हा वैताग. अवकाळी पाऊस पडला तर घड आतून सडतो. पण पेल्यातली चव त्यातूनच येते: मनुक्याचा गोडसर वास, पिकलेल्या फळाचा भरणा आणि तळाशी थोडी आंबट धार.

पुस्तकं या वासाला ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी म्हणतात. ही फळं इथे कुणी हुंगलेली नाहीत. आमच्या एका आत्याबाईंनी पेला नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, “याले त पिकल्या जांभयाचा वास येऊ रायला.” त्यांनी घोट घेतला नाही, घेणारही नव्हत्या, पण मी वाचलेल्या सगळ्या वर्णनांत हे मला सर्वांत नेमकं वाटतं. जांभूळ, करवंद, थोडी मनुका, काळी मिरी आणि लवंग. शेवटचे दोन आपल्या काळ्या मसाल्यातच असतात, आणि माझ्या मते झिनफँडेलचं आपल्या रश्श्याशी जे जमतं ते तिथून.

तिखटाचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. वऱ्हाडी तिखट हे खरोखरच वाइनचं वैरी आहे, आणि त्याची कारणं साधी आहेत. मिरचीतला जाळ अल्कोहोलमुळे जास्त भडकतो. वाइन जितकी कडक तितकी आग. तांबड्या वाइनमधला तुरट अंश, म्हणजे टॅनिन, तिखटाबरोबर कडू लागतो. उलट थंडावा आणि किंचित गोडवा जाळ खाली आणतात. झिनफँडेलमध्ये टॅनिन बेताचं आणि फळाचा भरणा मोठा असल्याने ती शिराझ किंवा कॅबर्नेपेक्षा बरी वागते. कॅलिफोर्नियातल्या काही झिनफँडेल १५ टक्क्यांच्याही वर जातात, त्या आपल्या ताटाजवळ नकोत. नाशिकच्या बाटल्या साधारण १३ टक्क्यांच्या आसपास असतात, त्या चालतात. भाजी फारच झणझणीत असेल तर तांबडी सोडून गुलाबी घ्यावी, तीही चांगली थंड करून.

आता ताटाकडे. सर्वांत आधी वांग्याचं भरीत, कारण तिथे माझी खात्री पक्की आहे. मोठी फिकट हिरवी वांगी तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि वरून पुरेसं तेल. धुराचा वास आणि तेल ही दोन्ही झिनफँडेलला मानवतात. गॅसवर भाजलेल्या भरताबरोबर तीच वाइन निम्मी लागते, करून पाहा. भरताबरोबर कळण्याची भाकरी असेल तर तिच्यातल्या उडदाचा हलका कडवटपणा वाइनला खाली खेचत नाही, उलट तिच्या गोडसरपणाला आवर घालतो.

भाजलेला कांदा, खोबरं आणि दगडफूल घातलेला मटणाचा रस्सा ही दुसरी जोडी. इथे तांबडीच हवी. पातोडीच्या रश्श्याला मात्र मी गुलाबी वाढते; तर्री तेजीत असते आणि बेसनाच्या वड्या तोंड कोरडं करतात, त्यावर थंड गुलाबी घोट बरा पडतो. बेसन-भाकरीलाही तीच. तुरीच्या ओल्या सोल्यांच्या आमटीबरोबर दोन्ही चालतात, आणि ही आमटी ज्या थंडीच्या दिवसांत होते त्या दिवसांत बाटली फ्रिजमध्ये घालायचीही गरज नसते. शेवभाजी आमच्याकडे खान्देशातून शेजारधर्माने आलेली, तिला गुलाबीच.

जमत नाही त्यांची यादीही प्रामाणिकपणे दिली पाहिजे. अंबाडीची भाजी इतकी आंबट की तिच्यापुढे झिनफँडेल बेचव पाण्यासारखी लागते. कढी-गोळ्यांचं तेच. ताक आणि तांबडी वाइन एका घासात आली तर तोंडात जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. पुरणपोळी ही मोठी फसगत: वाइन गोडसर आहे म्हणून ती गोडाबरोबर जाईल असं वाटतं, पण पुरणाच्या घासानंतर तीच वाइन आंबट लागते. ठेचा आणि मिरच्यांच्या भाजीला काहीही लावू नका. ताक प्या.

आणि एक जोडी अशी आहे जी जिभेला पटते पण मी कधी वाढणार नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले रोडगे आणि शेतात शिजवलेली वांग्याची भाजी यांच्याशी झिनफँडेल उत्तम जमेल याबद्दल मला शंका नाही. पण रोडग्यांचा स्वयंपाक बहुधा नवसाचा असतो, देवाला दाखवून वाढलेला असतो. तिथे बाटली आणणं मला चालत नाही. त्यामुळे त्या पानावर रोडग्यांची कृती आहे, वाइनचं नाव नाही. ज्या घरात माळ आहे, जिथून शेगावची वारी निघते, त्या घरांनाही हे पुस्तक स्वयंपाकाचं म्हणून वापरता यावं अशी त्याची मांडणी ठेवली आहे.

इथे दारूबद्दल सरळ बोललं पाहिजे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य खूप ऐकू आलं. निर्णय विरोधात अडकला. मी वाइन पिते आणि तिच्यावर पुस्तक लिहिते आहे, तरी हे वाक्य मला खोटं वाटतं. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास १०० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं; ते द्राक्षाचं आहे म्हणून यकृत त्याला वेगळी वागणूक देत नाही. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘रोज एक पेला हृदयाला चांगला’ हा युक्तिवाद म्हणून या पुस्तकात कुठेही सापडणार नाही.

शिवाय आपण विदर्भात आहोत. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत आजही दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’वर शिक्का मारून दुकानं बंद पाडली आहेत, आणि त्यांनी ते चुकीच्या समजुतीने केलं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. दुसरीकडे आमच्याच तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुलं वेचली जातात आणि त्यांची दारू देवालाही चढते, लग्नातही लागते. पिण्याच्या या दोन्ही बाजू एकाच तालुक्यात राहतात. माझी शिफारस त्यांच्या मध्ये कुठेतरी, लहान आहे: घरी, जेवणाबरोबर, पोटात भाकरी असताना, एक पेला, आणि आठवड्याचे बहुतेक दिवस तोही नाही. ज्याला एकावर थांबता येत नाही त्याने पहिलाही घेऊ नये. परवाना मात्र घ्यावा. महाराष्ट्रात पिणाऱ्याला तो लागतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

आमच्या भागात द्राक्ष हे पीकच नाही. अक्षय्य तृतीयेला तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, घटात १८ धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यावरून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. गहू, ज्वारी, तूर, हरभरा, जवस, अंबाडी, सरकी सगळे असतात त्यात. द्राक्षाची चौकशी कुणी करत नाही. भाकितावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण ती धान्यं म्हणजे आमच्या ताटाचा साचा आहे, आणि या पुस्तकातली प्रकरणं मी त्याच धान्यांच्या अंगाने लावली आहेत: ज्वारीचं वेगळं, तुरीचं वेगळं, हरभऱ्याचं सर्वांत मोठं. वाइन पाहुणी आहे. पाहुण्याच्या सोयीसाठी तिखट कमी करा, असं मी एकाही कृतीत सुचवलेलं नाही.

बाटली मिळवण्याबद्दल थोडं. तालुक्याच्या गावातल्या दुकानात वाइन मागितली तर बहुधा गोड पोर्ट पुढे येते, आणि मराठी माणसाची वाइनशी पहिली ओळख पुष्कळदा त्या गोव्याच्या पोर्टनेच होते. ती वेगळी वस्तू. झिनफँडेल मोठ्या शहरातून आणावी लागते. रेल्वेने येणाऱ्यांनी नांदुऱ्याला किंवा मलकापूरला उतरल्यावर बाटली गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये. दोन तासांच्या त्या उकाड्यात वाइन शिजते आणि मग तिला जांभळाऐवजी मुरंब्याचा वास येतो. घरात ती फ्रिजवर ठेवण्याची सवय फार आहे, कारण तिथे जागा रिकामी असते. फ्रिजचा वरचा भाग गरम असतो. धान्याच्या कोठीमागचा अंधारा कोपरा चांगला. जास्त दिवस साठवूही नये. नाशिकची झिनफँडेल लवकर पिण्यासाठीच केलेली असते, आणि वर्षानुवर्षं जपून ती सुधारत नाही.

पेले कोणतेही चालतील. काचेचा साधा पाण्याचा ग्लास अर्ध्याहून कमी भरला तर वास घ्यायला पुरेशी जागा राहते. स्टीलचा नको, त्यात रंग दिसत नाही आणि वासही दबतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन दिवस ठीक राहते. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकात घाला: मटणाचं वाटण परतून तेल सुटलं की अर्धी वाटी, मग झाकण न ठेवता मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं. कच्चा वास गेल्यावरच पाणी घाला. त्या रश्श्यात टोमॅटो किंवा लिंबू लागत नाही, वाइनचा आंबटपणा पुरतो, आणि मीठही नेहमीपेक्षा थोडं मागाहून, चाखून.